शेवटच्या खुर्चीपासून

तात्या,

वाचनालयाच्या हस्तलिखित अंकात तुमच्यावर मी लिहावं असं मंडळींनी ठरवलं आहे. जन्म, शिक्षण, वकिली, कौन्सिलची मेंबरी असं सगळं ओळीनं लिहा, म्हणाले. ती माहिती ते बापूसाहेबांकडून घेतील. ते तुमचे थोरले भाऊ, त्यांना तुमची जन्मतिथीसुद्धा पाठ आहे. मी शाळेची मास्तरकी सांभाळून तुमच्या बैठकीत सात वर्षं कागदांच्या नकला केल्या. मला तुमचं अक्षर माहीत आहे, तुमचा राग माहीत आहे, आणि शेवटच्या महिन्यातला तुमचा श्वास माहीत आहे.

त्या श्वासाबद्दल मला लिहायचं आहे. पण त्याआधी एक कबूल करतो. मला भीती वाटते आहे. परवा सकाळी जालन्याची सर्विस मोटार धरायची, तिथून रेल्वेनं हैदराबादला जायचं आणि कौन्सिलच्या कमिटीपुढे उभं राहून तुमच्या चौथ्या कलमाचा खुलासा करायचा. तुमच्या जागी मी. हे लिहितानाही तळहाताला घाम आला आहे आणि कागदावर बोटांचे डाग उठताहेत. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सोप्या, कागद पूस, तोंड नंतर पूस."

पत्र तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. माईंनी लिफाफा न फोडता माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "उर्दू आहे. यांच्या नावाचं आहे. आता यांच्या नावाचं जे येईल ते तूच वाच." मी वाचलं. मरहूम मेंबरांनी कौन्सिलच्या कामकाजात सुधारणा सुचवल्या आहेत. पहिली तीन कलमं विचारात घेता येतील. चौथ्या कलमाला नजीर, म्हणजे पूर्वीचा कुठलाही दाखला, जोडलेली नाही. मसुदा तयार करण्यात ज्याचा हात होता त्यानं हजर राहून खुलासा करावा. कुणी आलं नाही तर चौथं कलम मागं घेतलं असं समजण्यात येईल.

"काय म्हणतात?" माईंनी विचारलं.

"दाखला मागतात," मी म्हणालो.

"मग दे की. तुझ्याकडेच आहे ना तो?"

त्यांना सगळं माहीत होतं, तात्या. तुम्ही सांगितलं असणार.

तो दिवस मला अजून दिसतो. उन्हाळा होता. तुम्ही कौन्सिलच्या बैठकीहून परत आलात आणि शेरवानीची बटणं न काढता ओसरीवर बसलात. माईंनी पाण्याचा तांब्या आणला, तुम्ही तो हातात धरून ठेवलात, प्यालाच नाहीत. मी आत नक्कल करत होतो. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "सोपान, मी मंजूर म्हणालो."

"कशाला?"

"चराईच्या कायद्याला."

रानात मेंढरं घालायला बंदी करणारा तो मसुदा होता. सकाळी गरम गरम छापून तुमच्या हातात पडला आणि दुपारी मतं घेतली. कौन्सिलात नावं वरून पुकारत. सगळ्यांत मोठ्या मानाची खुर्ची आधी, मग तिच्याखालची, मग तिच्याखालची. वकिलांच्या वतीनं गेलेले तुम्ही अगदी शेवटी, दाराजवळ. तुम्ही म्हणालात, "माझ्यापर्यंत येईस्तोवर अकरा जणांचं मंजूर झालं होतं. मनात नामंजूर होतं. तोंडातून मंजूर आलं."

मला पटेना. बीडच्या कोर्टात मुन्सफाला एका दुपारी तीनदा 'हुजूर चुकताहेत' म्हणणारे तुम्ही.

"कुणी दटावलं का?"

"तेच तर. कुणी डोळेसुद्धा वटारले नाहीत. सगळे हसतमुख होते. पानाचं तबक फिरत होतं. अकरा मंजूर येऊन माझ्या जिभेवर बसले, बस." मग तुम्ही तांब्यातलं पाणी अंगणातल्या तुळशीला ओतून टाकलंत. "भीती अशी असते हे मला या वयात कळलं. ती आरडाओरडा करून येत नाही."

मी तेव्हा काही विचार करून बोललो नव्हतो. सहज म्हणालो, "आमच्यात असतं तर आधी तुम्हालाच विचारलं असतं."

"आमच्यात म्हणजे कुणात?"

मी नांदूरघाटच्या धनगराचा मुलगा. आमच्या घराण्यात पाटी हातात धरणारा मी पहिला. तुमचं शिफारसपत्र नसतं तर हैदराबादच्या बोर्डिंगच्या दारातून मला परत पाठवलं असतं, बी.ए. तर दूरची गोष्ट. पण बी.ए. झाल्यापासून 'आमच्यात' हा शब्द मी कुणापुढे काढत नव्हतो. त्या दिवशी निसटला. मग सांगावं लागलं.

पाच-सहा घरांची मेंढरं एकत्र चालतात. दिवेलागणीला तळ पडला की उद्या कुठल्या वाटेनं जायचं ते ठरतं. कारभारी असतो, त्याचा शब्द शेवटचा. पण बोलायला सुरुवात करतो तो दिवसभर कळपाच्या सगळ्यांत मागं चाललेला माणूस. मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. माझा बा म्हणतो, पुढच्याला गवत दिसतं, मागच्याला लंगडी दिसती. मोठा आधी बोलला की मागच्याचं तोंड मिटतं, आणि लंगडी मेंढी दुसऱ्या दिवशी वाटेत पडते.

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. त्या दिवसातलं तुमचं पहिलं हसू. आठ दिवसांत बैलगाडी जुंपून तुम्ही केजकडच्या आमच्या तळावर हजर. बानं घोंगडी झटकून अंथरली आणि तुम्ही शेरवानीसकट तिच्यावर बसलात. मी लाजेनं अर्धा झालो होतो.

बा म्हणाला, "वकीलसायेब, तुमच्या कवन्सिलीत मेंढरं किती?"

"मेंढरं नाहीत हो. माणसंच आहेत."

"मंग लंगडतं कोन?"

"मीच," तुम्ही म्हणालात.

बा एवढा हसला की त्याला ठसका लागला. मग तुम्ही वकिलासारखं विचारलंत, "मागच्यानं लंगडी लपवली तर? भिऊन म्हणा, आळसानं म्हणा."

"लपिवली तर दुसऱ्या दिशी ती त्यानंच खांद्यावर वागवायची. दिसभर. उतरवायची न्हाई."

"दंड म्हणून?"

"दंड कशाचा? आवो, ती लंगडती हाय, कुनीतरी न्ह्याय तर पायजेच की. ज्यानं लपिवली त्यानंच न्यावी."

तुम्ही ते टिपून घेतलंत. परत येताना गाडीत म्हणालात, "तुझ्या बापाला कौन्सिलात बसवायला हवं." मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. तुम्ही करत नव्हतात.

त्यानंतर तुमच्या घरात जे सुरू झालं त्यानं माई वैतागल्या. जेवणावळ असो, कज्जा असो, शेताचा वाटा असो, तुम्ही दाराजवळच्या माणसाकडे बोट दाखवायचात. "आधी तू." माई म्हणायच्या, "घरातच कौन्सिल भरवलीय यांनी. आता भाजीत मीठ किती घालायचं तेही पाणक्याला विचारते." आणि एकदा त्यांनी खरंच विचारलं, तेव्हा पाणक्या म्हणाला, रोज जास्तच असतं. तुम्ही जेवता जेवता इतके हसलात की माई दोन दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत. मीठ मात्र कमी झालं.

मसुदा लिहायला तुम्हाला दोन पावसाळे लागले. पहिलं कलम, बैठकीचे कागद पंधरा दिवस आधी मेंबरांच्या घरी पोचावेत. दुसरं, कायद्याचा मजकूर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही असावा, कारण तो ज्यांना पाळायचा आहे ते त्या भाषा बोलतात. तिसरं, बैठकीची रूदाद, म्हणजे कामकाजाची नोंद, आठवणीवरून न लिहिता तिथल्या तिथं लिहावी, कोण नामंजूर म्हणालं त्याचं नाव तीत यावं आणि पुढच्या बैठकीत ती मोठ्यानं वाचावी. ही तीन कुठल्याही शहाण्या माणसाला सुचली असती, असं तुम्हीच म्हणायचात. चौथं मात्र तुमचा जीव होतं. मतं घेताना नावं शेवटच्या खुर्चीपासून पुकारावीत.

त्याच्याखाली तुम्ही लिहिलं होतं, 'ही रीत नांदूरघाटच्या धनगरांच्या तळावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती मला माझे नक्कलनवीस सोपान यांनी सांगितली.' साफ नक्कल करताना माझा टाक तिथं थांबला.

"तात्या, एवढं काढा."

"का?"

"हसतील."

"मला? हसू देत. मी वकील आहे, मला सवय आहे."

"तुम्हाला नाही हसणार. मला हसतील. मी सरकारी शाळेत मास्तर आहे. तिथं मला सोपानराव बी.ए. म्हणतात."

"आणि तुझ्या बापाला काय म्हणतात?"

मी टाक पुन्हा दौतीत बुडवला. तुमचा आवाज चढला. "हीच रीत विलायतेच्या पार्लमेंटातली असती तर तू ती दुप्पट मोठ्या अक्षरांत लिहिली असतीस. खरं की नाही?"

खरं होतं. म्हणूनच मला राग आला. मी म्हणालो, "तुम्हाला काय, तुमच्या मागं जमीन आहे, नाव आहे. माझ्या मागं मेंढरं आहेत." एवढं उलट मी तुम्हाला कधी बोललो नव्हतो.

तुम्ही माझ्या हातातून टाक घेतलात आणि ती दोन वाक्यं स्वतः खोडलीत. आडवी एक रेघ, मग तिच्यावर दुसरी. "घे. झालं तुझ्या मनासारखं. पण हे कलम आता पाय नसलेल्या माणसासारखं आहे. कुणीतरी टिचकी मारील आणि पडेल."

टिचकी त्यांनी मारलीच. नजीर दाखवा म्हणून पहिलं पत्र आलं तेव्हा तुम्हाला बरं नव्हतं. तुम्ही ते गादीवरून माझ्याकडे सरकवलंत. "याचं उत्तर तूच लिही. तुझ्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाही." मी ते कागदांच्या बस्त्यात ठेवलं. उद्या लिहीन म्हणून. तात्या, तो बस्ता आजही माझ्या समोर आहे आणि पत्र त्याच घडीत आहे.

आता तुमच्या श्वासाबद्दल.

शाळेत जाण्याआधी मी तुम्हाला पोचवायला यायचो, तेव्हा कोर्टाच्या पायऱ्या चढताना बस्ता घेऊन नेहमी तुमच्या मागं असायचो. समोरून येणाऱ्यांना तुमचा चेहरा दिसायचा. तुम्ही रामराम घालायचात, आदाब करायचात, थट्टा करायचात. मला मागून तुमच्या टाचा दिसायच्या. दिवाळीनंतर तुम्ही जोड्यात टाच घालणं सोडलं होतं, पाय सुजून आत जात नव्हता. सातव्या पायरीशी भिंतीवर जाहीरनामे लावलेले असतात, तिथं तुम्ही थांबून वाचत उभे राहायचात. मी एकदा बघितलं, तो जाहीरनामा मागल्या वर्षीचा होता. तुम्ही वाचत नव्हतात, दम घेत होतात. माईंनी मला एकट्यालाच सांगितलं होतं की तीन रात्री तुम्ही आडवे झालाच नाहीत, भिंतीला टेकून बसून काढल्या. "यांना कळू देऊ नकोस मी सांगितलं म्हणून," असंही म्हणाल्या.

म्हणजे मला सगळं दिसलं होतं. हे मी इथं लिहून ठेवतो.

त्या दुपारी तुमच्या खोलीत चार माणसं बसली होती. युसूफ वडगाव या गावाहून बापूसाहेब आले होते, ते उशाशी खुर्चीवर. वैद्यबुवा त्यांच्या शेजारी. कोर्टातले दोन जुने वकील पायथ्याशी. मी दारात उभा, माझ्या मागं माई. मोटार करून तुम्हाला आजच नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं की थांबायचं, एवढाच प्रश्न होता. कुणी अजून तोंड उघडलं नव्हतं. तुम्ही उशीवरून हात थोडा उचललात आणि म्हणालात, "आधी सोपान."

सगळे माझ्याकडे वळले. बापूसाहेब म्हणाले, "सांगा मास्तर, काय करू या?" त्यांच्या आवाजात काही खोच नव्हती. वैद्यबुवा जानव्याला अडकवलेली किल्ली चाचपत होते. एक वकील डबीतून तपकीर काढत होते, त्यांचे हात तसेच थांबले. मला उत्तर येत होतं. ओठापर्यंत आलं होतं. आणि मला वाटलं, वैद्यांचा अपमान होईल. वाटलं, थोरल्या भावापुढे धनगराच्या पोरानं कसं बोलावं. वाटलं, नेलं आणि वाटेतच काही झालं तर? माझ्यावर येईल.

मी म्हणालो, "मोठी मंडळी ठरवतील तसं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. आपलाच साक्षीदार ऐन वेळी उलटला की तुम्ही हातातला कागद पालथा घालून ठेवायचात, तसे डोळे मिटलेत. मग मोठी मंडळी बोलली. वैद्य म्हणाले, मात्रेचे अजून चार दिवस बाकी आहेत. बापूसाहेब म्हणाले, इंग्रजी मुलखाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आहे, परवान्यासाठी आजाऱ्याला घेऊन खोळंबावं लागेल, त्यातून उद्या अमावास्या. वकील मंडळींनी माना हलवल्या. सगळं मंजूर झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

नगरला नेऊन तुम्ही वाचला असतात का, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण दहाव्याला नदीवर बापूसाहेब माझ्याजवळ आले. डोकं भादरलेलं, उपरणं ओलं. म्हणाले, "मास्तर, पाय सुजल्याचं तुला ठाऊक होतं म्हणे. तू त्या दिवशी एक शब्द बोलला असतास तर मी ऐकलं असतं. तू मला भितोस हे मला कधी कळलंच नाही रे."

तात्या, मला वाटलं होतं तो माणूस मला गप्प बसवतो आहे. त्याला तर पत्ताही नव्हता.

तुम्हाला शेवटचं नेलं तेव्हा खांद्यासाठी माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. घेण्याचं कारणही नव्हतं. वेशीबाहेरच्या चढावर बापूसाहेबांना चालवेना, त्यांनी मागं वळून मलाच खूण केली. मी खांदा दिला. दहा पावलं गेलो आणि तळावरचं बाचं बोलणं आठवलं. ज्यानं लपिवली त्यानंच न्यावी. नंतर दोघातिघांनी येऊन हात लावला, म्हणाले, मास्तर, सोडा आता, बदली घेतो. मी सोडलं नाही. त्यांना वाटलं माया. मायाही होतीच.

तेव्हापासून मी भितो आहे, आणि आता भीतीला कुठल्याही गोष्टीवर जाऊन बसायची सवय झाली आहे. शाळेचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, भले गृहस्थ आहेत. रजेचा अर्ज घेऊन गेलो तर त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, "मास्तरसाब, रजा तो दे दूँगा. मगर वजह क्या लिखूँ? बीमारी लिख दूँ?" माझ्या भल्यासाठीच ते म्हणत होते. सरकारी नोकरानं कौन्सिलच्या कामात तोंड घालावं की नाही हे कुणी सांगितलेलं नाही, आणि न सांगितलेल्या गोष्टीचीच जास्त धास्ती असते. मोटारीच्या अड्ड्यावर एका अनोळखी माणसानं मला विचारलं, वकीलसाहेबांचे कागद आता कुणाकडे असतात? तो पक्षकार असेल. नसेलही. मी खोटं बोललो, माहीत नाही म्हणालो. घरी येऊन बस्ता ज्वारीच्या कणगीत लपवला, मग लाज वाटून पुन्हा काढला.

अर्जात आजारपण लिहिलं तर रजा मिळते, नोकरी राहते, पण मग कमिटीपुढे उभं राहता येत नाही. आजारी माणूस हैदराबादला कसा दिसेल? खरं लिहिलं तर तो कागद तालुकदारांच्या कचेरीत जाईल. दोन दिवस ती जागा मी कोरीच ठेवली.

काल बा आला. तुमच्या घरी भेटायला म्हणून नांदूरघाटहून चालत आला होता. माईंपुढे अंगणात बसला, तुमच्या खुंटीवरच्या शेरवानीकडे बघत राहिला. उठताना एवढंच म्हणाला, "घोंगड्यावर बसला व्हता मानूस." वाटेत मी त्याला सगळं सांगितलं. पत्र, नजीर, अर्ज. दुपारचं, त्या खोलीतलंही.

त्यानं चालता चालता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आता कामून भेतूस रं?"

"नोकरी जाईल."

"जाईल. मंग?"

"हसतील."

"आमच्या नावानं हसत्याल व्हय?" त्याला त्याचं फार वाटलं नाही. "हसू दे की. लई दिस झालं कुनी मोकळं हसलं न्हाई तिथं, आसं तुजा वकीलच सांगत व्हता." मग थांबून माझ्याकडे बघितलं. "येक सांगतो. लंगडीला लंगडी म्हनाया भ्यायचं आसंल तर मागं चालूच नये मानसानं. फुडं जावं, गवत बघावं."

मी आज सकाळी अर्जात लिहिलं, कौन्सिलच्या कमिटीपुढे मरहूम वकीलसाहेबांच्या कलमाची नजीर सांगण्यासाठी. मुदर्रिससाहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग सही केली आणि म्हणाले, "खुदा हाफिज." ते नेहमीच म्हणतात. आज मला ते निराळं ऐकू आलं.

अर्ज दिला की भीती जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात उभं राहून मी बोलून बघितलं. कमिटी कौन्सिलच्याच दालनात बसते, तिथल्या खुर्च्या मला ठाऊक आहेत. एकदा तुमचे कागद घेऊन हैदराबादला गेलो होतो तेव्हा दारातून पाहिल्या होत्या. वरच्या टोकाच्या खुर्च्यांच्या पाठी उंच, आणि दाराकडे येता येता ठेंगण्या होत जातात. तुमची सगळ्यांत ठेंगणी होती. मी बाकांना त्या खुर्च्या समजून म्हणालो, मी सोपान, राहणार नांदूरघाट, वडील मेंढरं राखतात, नजीर त्यांच्या तळावरची आहे. 'मेंढरं' शब्दावर आवाज फुटला. पाच वेळा म्हणालो. पाचव्यांदाही थोडा फुटला. तसाच म्हणणार आहे.

ती दोन खोडलेली वाक्यं मी मूळ कागदावरून पुन्हा उतरून घेतली आहेत. तुमच्या रेघांखालून सगळं वाचता येतं. तुम्ही हलक्या हातानंच खोडलं होतंत, हे मला आत्ता दिसलं. मी त्यात एकच भर घातली. 'माझे नक्कलनवीस सोपान' असं होतं, तिथं बाचं नावही घातलं.

कलम मंजूर होईल असं मला वाटत नाही. वरून पुकारलेली नावं ज्यांना सोयीची आहेत तेच त्यावर मतं देणार, आणि तीही वरूनच घेणार. परत आल्यावर शाळेत माझी खुर्ची असेल की नाही तेही माहीत नाही. परवा बा मोटारीच्या अड्ड्यापर्यंत येणार आहे. "तू फुडं चाल," म्हणाला, "म्या मागून बघतो, लंगडतूस का."

पण कमिटीला उत्तर देण्याआधी एक उत्तर तुम्हाला द्यायचं राहिलं आहे. तुम्ही विचारलंत, आणि तुमच्याआधी मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं, घरात नाही, शाळेत नाही, बी.ए.च्या वर्गात नाही. त्या विचारण्याचे उपकार मी कसे फेडले ते तुम्ही पाहिलंत. आता तुम्ही ऐकू शकत नाही हे मला कळतं. तरी मी पुन्हा त्या दारात उभा राहतो. दुपार आहे. बापूसाहेब उशाशी आहेत, वैद्य त्यांच्या शेजारी, माई माझ्या मागं. तपकिरीची डबी उघडी आहे. तुम्ही हात उचलला आहे.

तात्यांना आजच्या आज नगरला न्या. त्यांचे पाय सुजले आहेत, तीन रात्री त्यांनी बसून काढल्या आहेत. मी मागून चालतो. मी पाहिलं आहे.